एक्स्पो वाढवून वाकडं विमान सरळ होत नाही

मागच्या अंकात ८८ इंची एक्स्ट्राबद्दल लिहिलं होतं, म्हणजे रेडिओनं उडवायचं, ६० सीसी पेट्रोल इंजिनवालं मोठं एरोबॅटिक मॉडेल. वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, तर मेलबॉक्स भरलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतायत, त्यातले काही घेतो.

कोल्हापूर

*दादा, तीन वर्षं फोमी (फोमची छोटी विमानं) उडवल्या, गेल्या वर्षी २० सीसीचं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) विमान घेतलं. लूप, रोल, इन्व्हर्टेड सगळं जमतं. आता एक जण ६० सीसीची एक्स्ट्रा सेकंडहँड देतोय, इंजिनसकट. मित्र म्हणतात एवढं मोठं झेपायचं नाही. घेऊ का?*

उडवायला झेपेल हो. मोठं विमान उलट सोपं जातं, वाऱ्याच्या झुळकीनं नाचत नाही, लांब गेलं तरी उलटं आहे का सुलटं ते डोळ्यांना कळतं, आणि लँडिंगला आरामात येतं. खरी एक्स्ट्रा ३०० जर्मनीच्या वॉल्टर एक्स्ट्रांनी बनवली, १९८८ मध्ये पहिल्यांदा उडाली, आणि आज दिसते त्या एकाच सीटच्या ३३० एससीचा पंख साडेसात मीटरचा आहे. तुमचा होईल सव्वादोन मीटर, म्हणजे जवळपास ३० टक्के. वजन साडेसात-आठ किलो. अवघड आहे ते ठेवणं आणि नेणं. पंख निघतात, पण फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, सुटं होत नाही, ती दोन मीटरच्या आसपास. व्यवहार ठरवायच्या आधी टेप घेऊन स्वतःची गाडी मोजा, मी मोजली नव्हती आणि पहिले सहा महिने शेजाऱ्याच्या टेम्पोवर काढले.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा रंगरूप बघू नका, काउल, म्हणजे इंजिनवरचं झाकण, काढायला सांगा. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन बसतं त्या लाकडी भिंतीच्या, कोपऱ्यात टॉर्च मारा, बारीक तडा दिसतोय का, लाकूड तेलानं काळं पडून मऊ झालंय का नखानं दाबून बघा. मग लँडिंग गिअर बसतो ती प्लेट, तिथे एखादं आपटलेलं लँडिंग लपलेलं असतं. एकेक कंट्रोल सरफेस (पंखाचा किंवा शेपटीचा हलणारा भाग) धरून हलक्या हातानं ओढा, हिंज ढिली असेल तर कळेल. पंख लावून टोकाला धरून वरखाली करा, विंग ट्यूब (पंख जोडणारी नळी) तिच्या खोबणीत कटकट करत असेल तर किंमत पाडून मागा. वर चढवलेल्या प्लॅस्टिक फिल्मच्या सुरकुत्यांना घाबरू नका, इस्त्रीनं जातात.

आणि एक. या इंजिनला २२ किंवा २३ इंची प्रॉपेलर लागतो. ६५०० आरपीएमला २२ इंची प्रॉपच्या टोकाचा वेग होतो ताशी साधारण ६८५ किलोमीटर. फोमीच्या सवयीनं समोरून हात घालून काउलचा स्क्रू बघायचा वगैरे प्रकार इथे बोटं घेऊन जातो. स्टार्ट करताना शेपटी धरायला माणूस हवाच, हातात जाड ग्लोव्ह, आणि इग्निशनचा स्विच बंद असला तरी प्रॉपला कायम चालू असल्यासारखंच धरायचं.

पुणे

*सर, नवीन एक्स्ट्रा स्वतः जुळवली. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) खूप सेन्सिटिव्ह होता म्हणून एंड पॉइंट (रेडिओतली धावेची मर्यादा) ५५ टक्क्यांवर आणले, एक्स्पो (स्टिकच्या मध्यावर हालचाल मवाळ करणारं सेटिंग) ८० केला, तरी मध्यावर ढेपाळल्यासारखं वाटतं आणि जरा जास्त स्टिक दिली की एकदम उडी मारतं. लूप एका बाजूला झुकतो, त्यासाठी मिक्सिंग (एका कंट्रोलबरोबर दुसरंही हलवायची रेडिओतली सोय) टाकलंय. अजून काय टाकू?*

काही टाकू नका. टाकलेलं सगळं काढा. राग मानू नका, पण तुमच्या पत्रात मला विमान कुठे दिसलंच नाही, नुसता रेडिओच दिसला. मोठ्या विमानाचं सेटअप आधी स्क्रूड्रायव्हरनं होतं.

सर्व्हो, म्हणजे सरफेस हलवणारी छोटी मोटर, पूर्ण फिरायला हवा आणि तो पूर्ण फिरल्यावर सरफेस तुम्हाला हवा तेवढाच हलायला हवा. तुम्ही एंड पॉइंट ५५ केलात म्हणजे सर्व्होची निम्मी धाव फुकट घालवलीत. तेवढ्याच हालचालीला कमी पायऱ्या मिळतात, ताकद कमी पडते, आणि गिअरमध्ये जो केसभर खेळ असतो तो सरफेसवर दुप्पट दिसतो. मध्यावर ढेपाळतं म्हणता ना, त्यातला निम्मा भाग हा आणि निम्मा तुमच्या ८० एक्स्पोचा. तेव्हा एंड पॉइंट परत १०० च्या वर न्या आणि सर्व्होच्या आर्मवर आतलं भोक घ्या किंवा आखूड आर्म लावा. लांब आर्म भारी दिसतो म्हणून लावायचा नसतो, तो फक्त थ्रीडीसाठी, म्हणजे हवेत लटकून करायच्या कसरतींसाठी, ४५ अंशांची धाव हवी असेल तिथे लागतो.

करायचं कसं ते सांगतो. नवीन मॉडेल मेमरी उघडा, सबट्रिम (सर्व्होचा मध्य रेडिओतून सरकवायचं सेटिंग) शून्य, मिक्स शून्य. सर्व्हो मध्यावर असताना आर्म पुशरॉडशी काटकोनात यायला हवा. एक दाता इकडे, एक दाता तिकडे करून बघा, जो सगळ्यात जवळ बसतो तो घ्या आणि उरलेलं एवढंसं सबट्रिमनं. पुशरॉडची लांबी तिच्या टोकाच्या बॉल लिंकनं जुळवा, रेडिओनं नाही. सरफेसवर पुशरॉड जोडतो त्या हॉर्नचं भोक बरोबर हिंजच्या रेषेवर आहे ना बघा, ते मागे असेल तर वर आणि खाली धाव सारखी येणारच नाही, मग माणूस रेडिओत आकडे भरत बसतो.

आता तुमचा झुकणारा लूप. या विमानाला एलिव्हेटरचे दोन भाग आणि दोन सर्व्हो असतात. ते दोन्ही मध्यावर सारखे दिसतात, सगळे तिथेच खूश होतात. अर्ध्या स्टिकला बघितलेत का? पूर्ण वर आणि पूर्ण खाली? एक बाजू दोन मिलिमीटर पुढे गेली की एलिव्हेटर एलरॉनचं, म्हणजे विमान कुशीवर वळवायचं, काम करायला लागतो आणि लूप स्क्रूसारखा बाहेर जातो. गेज नसेल तर स्टॅबच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या) टोकाला पट्टी टेकवून मोजा, पाच ठिकाणी, दोन्ही बाजूंना, वहीत लिहून. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय आणि त्यानंतर ते विमान मिक्सिंगशिवाय सरळ लूप मारतं.

रडरला (शेपटीच्या उभ्या हलत्या भागाला) दोन सर्व्हो एकत्र जोडले असतील तर आणखी एक गंमत. ते एकमेकांशी भांडतात. कान लावा, गुणगुण ऐकू येते. बॅटरी आणि रिसीव्हरच्या मध्ये अँपिअर मीटर लावून स्टिक हळूहळू फिरवा, करंट जिथे चढतो तिथे भांडण आहे. हे न करता उडवलं की एक सर्व्हो तापून जातो आणि मग दोष कंपनीला.

हे सगळं झालं की मग रेट, म्हणजे स्विचनं निवडायची कमी-जास्त धाव. लो रेटला एलिव्हेटर १२ ते १५ अंश, एक्स्पो २०-२५. थ्रीडीसाठी लांब आर्म ठेवला असेल तर हाय रेटला ४० ते ४५ अंश आणि तिथे ५०-६० एक्स्पो ठीक आहे, कारण एवढ्या हालचालीला तो लागतोच. एलरॉन लो रेटला २० च्या पुढे नको. टेकऑफ आणि लँडिंग लो रेटवर, हाय रेटचा स्विच चुकून पडलेला असताना टेकऑफ केलेली माणसं मी बघितलीत, त्यातला एक मीच.

हिंजच्या फटी आतून पारदर्शक फिल्मनं बंद करा. धातू धातूला भिडतो तिथे निळा थ्रेडलॉक, प्लॅस्टिकवर अजिबात नाही. माझी पहिली ५० सीसी दुसऱ्याच फ्लाइटला गेली, डाव्या एलिव्हेटरच्या बॉल लिंकचा बोल्ट निघून पडला होता. थ्रेडलॉकची बाटली टेबलावर होती, उघडून ठेवलेली, लावायचा राहिला.

नागपूर

*जमिनीवर इंजिन घड्याळासारखं चालतं. हवेत तीन-चार मिनिटं झाली आणि उभं वर नेलं की दम सोडतं. दोनदा डेडस्टिक झालं (हवेतच इंजिन बंद पडलं), एकदा तुरीच्या शेतात. कार्बोरेटर बदलू का?*

थांबा, कार्बोरेटरनं काय घोडं मारलंय? नागपूरच्या मे महिन्यात आधी काउलकडे बघायचं. हवा आत यायला पुढे भोक असतं ते सगळ्यांना दिसतं, बाहेर जायला किती जागा आहे ते कोणी बघत नाही. आत येण्याच्या दुप्पट ते तिप्पट जागा बाहेर जायला हवी, नाहीतर आत हवा कोंडते आणि इंजिन स्वतःच्याच गरम श्वासात शिजतं. शिवाय आत आलेली हवा सिलिंडरच्या फिन्समधून जायला हवी, बाजूनं निसटून नाही. पातळ बाल्साचे किंवा प्लायचे आडोसे करून सिलिंडरच्या भोवती बसवा, तासाभराचं काम आहे.

मग सुया. या वॉलब्रो पद्धतीच्या कार्बोरेटरला लो आणि हाय अशा दोन सुया, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करायचे स्क्रू, असतात, सुरुवात दोन्ही साधारण दीड फेरा उघडून. आधी आयडल आणि तिथून थ्रॉटल दिल्यावरची उचल लो सुईनं जमवायची, मग पूर्ण थ्रॉटलला हाय सुई. बंद करत नेलं की आरपीएम वाढत जातो, एका जागी थांबतो, तिथेच सोडून द्यायचा मोह होतो. सोडायचं नाही, थोडी परत उघडायची, शंभर-दोनशे आरपीएम पडू द्यायचे. जमिनीवर टोकाला लावलेलं इंजिन हवेत प्रॉप हलका झाल्यावर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि तुमचं नेमकं तेच होतंय असं वाटतं.

तिसरी गोष्ट आपल्याकडची खास. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच सुईवर इंजिन जास्त लीन चालतं. अमेरिकेतल्या कोणाच्या व्हिडिओत सुई सव्वा फेऱ्यावर बघून तुम्ही तशीच ठेवलीत तर इथे ती कोरडीच पडणार. वर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्बोरेटरच्या आतला पातळ पडदा महिनोन्महिने त्यात भिजून राहिला की कडक होतो. उपाय साधा आहे, उडवून झालं की टँक रिकामी करायची, मग इंजिन चालू करून लाइनमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं. मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांपलीकडे ठेवू नका, उरलं तर मिस्त्रीच्या टू-स्ट्रोकला द्या. तेलाचं प्रमाण इंजिनच्या कागदावर असेल ते. ३० ला १ म्हणजे लिटरला ३३ मिली, ४० ला १ म्हणजे २५.

आणि डेडस्टिक झालंच तर नाक लगेच खाली. ही विमानं ग्लायडर नाहीत, वेग गेला की दगड. तुरीचं शेत पुढे असेल तर तुरीत उतरा, धावपट्टीकडे वळायला जाऊ नका.

नाशिक

*मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या टीमनं ७४ इंची एज ५४० बनवली. मॅन्युअलमध्ये सीजी (वजनाचा मध्य) "विंग ट्यूबपासून १० मिमी पुढे ते १५ मिमी मागे" असा दिलाय. यातला नक्की कुठला घ्यायचा? आणि नाइफ एजला (पंख उभे करून कुशीवर उडताना) विमान पोटाकडे ओढतं, ते सीजीमुळे का?*

छान प्रश्न विचारलास. पहिल्या फ्लाइटला पुढचं टोक घ्यायचं, वाद नाही. टँक रिकामी, कॅनोपी (कॉकपिटवरचं झाकण) लावलेली, सगळ्या बॅटऱ्या जागेवर, आणि दोघांनी मिळून पंखाच्या बुंध्याशी बोटांवर उचलायचं. शिसं चिकटवायच्या आधी बॅटऱ्या पुढेमागे सरकवून बघा, दोन रिसीव्हर पॅक आणि एक इग्निशनचा असं पुष्कळ वजन तुमच्याकडे हलवायला आहे.

नक्की आकडा हवेत मिळतो. वारा नसलेली सकाळ धर. दोन तृतीयांश थ्रॉटलला सरळ सपाट उडेल असं ट्रिम कर. मग ४५ अंशांत वर चढव, अर्धा रोल मारून उलटं कर आणि एलिव्हेटर सोडून दे. त्याच रेषेत थोडं जाऊन नाक हळूहळू खाली आलं तर छान. लगेच खाली कोसळलं तर नाक जड आहे. आपणहून आणखी वर चढायला लागलं तर शेपटी जड, उतरव आणि पॅक पुढे घे. प्रत्येक वेळी पाच मिमीच हलव आणि हलवल्यावर एलिव्हेटर ट्रिम परत कर, कारण सीजी बदलला की ट्रिम बदलतं, हे विसरून पोरं गोल गोल फिरत राहतात.

क्रम महत्त्वाचा. ट्रिम, मग सीजी, मग थ्रस्ट लाइन, म्हणजे इंजिनच्या ओढीची दिशा. पूर्ण थ्रॉटलला पंख सपाट ठेवून उभं वर ने, वेग कमी होत आला तसं डावीकडे झुकलं तर इंजिनच्या डाव्या माउंटखाली एक वॉशर, एकच. नाक उजवीकडे वळायला हवं एवढं ध्यानात ठेव, म्हणजे बाजू चुकणार नाही. नाइफ एज त्यानंतर. पोटाकडे ओढणं बहुतेक विमानांत असतं, सीजी जरा मागे गेला की कमी होतं, पूर्ण जात नाही. उरेल ते रडरवरून एलिव्हेटरला थोडं अप असं मिक्स कर, डाव्या आणि उजव्या रडरला वेगवेगळं, कारण दोन्हीकडे क्वचितच सारखं लागतं. इथे मिक्सिंगला माझी हरकत नाही. पुण्याचे वाचक हे वाचत असतील तर त्यांनी फरक बघावा, हे मिक्स विमानाच्या स्वभावासाठी आहे, जुळवणीतली चूक झाकायला नाही.

शेवटी उभं खाली, आयडलवर. कॅनोपीकडे खेचत असेल तर थ्रॉटल पूर्ण खाली असताना एक-दोन टक्के डाउन एलिव्हेटर. झालं.

टीममध्ये भांडणं कोण उडवणार यावरून होणार, आत्ताच ठरवा. आणि फेलसेफ तपासल्याशिवाय उडवू नका, रेडिओ बंद केल्यावर थ्रॉटल खाली यायलाच हवा. ही तपासणी शेपटी बांधून.

एडिसन, न्यू जर्सी

*आम्ही इथे सहा वर्षांपासून आहोत. भारतात असताना उडवायचो, आता पुन्हा सुरू करायचंय आणि आयमॅकच्या (मॉडेल विमानांच्या एरोबॅटिक क्लबच्या) स्पर्धेबद्दल ऐकलंय. इथे काय काय लागतं?*

तुमच्याकडे एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे, रजिस्ट्रेशन, २५० ग्रॅमच्या वर काहीही असलं की. ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन परीक्षा, ती चहा निवेपर्यंत होते. रिमोट आयडीची (विमानानं स्वतःची ओळख आणि जागा प्रसारित करायची) सक्ती १६ मार्च २०२४ पासून कडक झालीय, पण तुमच्या क्लबचं मैदान एफएएनं मान्य केलेल्या फ्रिआ (सूट असलेल्या जागांच्या) यादीत असेल तर तिथे वेगळं मॉड्यूल लागत नाही. म्हणून आधी एएमएचा, म्हणजे तिथल्या मॉडेल विमानवाल्यांच्या संघटनेचा, क्लब शोधा, बाकीचं तीच मंडळी सांगतील.

आयमॅकमध्ये बेसिक, स्पोर्ट्समन, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड, अनलिमिटेड असे वर्ग. बेसिकमध्ये जा, लाजू नका. आकृत्या आरेस्ती चिन्हांत लिहिलेल्या असतात, स्पेनच्या होसे लुईस आरेस्तींनी केलेली लिपी, दोन संध्याकाळी वाचता येते. मागे कॉलर उभा राहून पुढची आकृती सांगतो, त्यामुळे पाठांतराची भीती नको. वरच्या वर्गांत अननोन, म्हणजे आधी माहीत नसलेला आकृत्यांचा क्रम, असतो, आदल्या दिवशी हातात मिळतो आणि विमानानं सराव करता येत नाही, मग लोक काठीला लावलेलं एवढंसं विमान हातात धरून पार्किंगमध्ये गिरक्या घेताना दिसतात. बायको-मुलांना बघायला न्या, हसून मरतील. थ्रीडी येतं म्हणून आयमॅक येईल असं समजू नका मात्र, वाऱ्यात सरळ रेघ मारणं हॉवरपेक्षा अवघड आहे, हे माझं मत, भांडायला तयार आहे.

ठाणे

*आपल्याकडे भारतात अशी मॉडेल विमानं उडवायला परवानगी लागते का?*

ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. २ ते २५ किलो म्हणजे स्मॉल वर्ग, वरची ६० सीसीची एक्स्ट्रा त्यातच. छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान नियमांत मॉडेल म्हणून वेगळं धरलंय आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे रचनेच्या सरकारी दाखल्याची, भानगड नाही. पण जागा बघावीच लागते. सरकारच्या डिजिटल स्काय या साइटच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. ठाण्याला बसून नकाशा उघडलात की तुम्हाला कळेल मुंबईकर शनिवारी पहाटे गाडी काढून लांब का जातात. रजिस्ट्रेशनचे कागद क्लबमधल्या जुन्या माणसाला शेजारी बसवून करा.

सातारा

*मी विमान उडवत नाही, माझे यजमान उडवतात. हॉलमध्ये पंख, बेडरूममध्ये पेट्रोलचा वास आणि बाल्कनीत शेपटी. काहीतरी उपाय सांगा, त्यांना तुमचंच पटतं.*

वहिनी, तुमचं पत्र घरी मोठ्यानं वाचून दाखवलं, आमच्याकडे टाळ्या पडल्या.

वास टँकमधून येतो, तेव्हा टँक मैदानावरच रिकामी करून यायची आणि व्हेंटच्या नळीला बूच. हा नियम वर नागपूरकरांनाही सांगितलाय, तेव्हा तुमच्यासाठी मुद्दाम बनवला असं ते म्हणू शकणार नाहीत. बाल्कनीतून मात्र आजच्या आज आत घ्यायला सांगा, उन्हानं फिल्म ढिली पडते आणि बाल्सा पिळतो, हे ऐकलं की ते पळत जातील. पंखांना गादीवाल्याकडून पिशव्या शिवून घ्या, आत पातळ फोम आणि बाहेर चंदेरी कापड, मग ते पलंगाखाली आडवे राहतात. फ्यूजलाज भिंतीला, दोन पट्ट्यांवर, नाक खाली करून नाही. बॅटऱ्या चार्ज करायची जागा स्वयंपाकघराचा ओटा नव्हे, आणि चार्जिंगला लावून झोपायला जायचं नाही, हे दोन्ही त्यांना माहीत आहे, तरी विचारा.

आणि एकदा मैदानावर जा त्यांच्यासोबत. शेपटी धरायला माणूस लागतोच, वर लिहिलंय.